कुंकू लागलेली डिस्क

साल २००९. माझं वय सदुसष्ट. कळंबच्या मळ्यात कांद्याला पाणी देत होतो, तेवढ्यात सून बांधावरून ओरडली, "आबा, आळेफाट्याचे शांतीशेठ गेले!" मी वाफा भरेपर्यंत तसाच उभा राहिलो. डोळे पुसताना कुणी बघावं, ही सवय मला नाही.

शेठचे आजोबा मारवाडातून आलेले, पण हा बोलायचा आमच्यासारखंच. किराण्याच्या घरात जन्मून यानं शूटिंगचं दुकान टाकलं. बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैलं पळतात त्या धावपट्टीवर, भर उन्हात कॅमेरा घेऊन उभा असायचा. एका शर्यतीत आमची बैलं पहिली आली आणि माझी बायको गंगू त्यांच्यावर भंडारा उधळत मोकळी हसली. फोटोत ती कायम डोळे वटारूनच बसलेली. ती गेली, मग कॅसेटींना बुरशी लागली, पण त्याआधी शेठनं ते हसणं कॉम्प्युटरला वायरीनं जोडायच्या एका डिस्कमध्ये उतरवलं होतं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यानं वहीशेजारी तीच डिस्क पाटावर मांडली आणि ओल्या कुंकवानं तिच्यावर स्वस्तिक काढलं. कुंकू वायरीच्या भोकात गेलं. पुढं एक शूटिंग तिच्यात भरतानाच कॉम्प्युटरशी तिची जोडणी मधेच तुटली, आणि परत लावली तर पडद्यावर इंग्रजी प्रश्न.

"काय म्हणतंय, शेठ?"

"फॉरमॅट करू का, म्हणतंय."

"मग कर की."

"करू? वैनींना पुसून टाकू?"

मग त्यानं मला उमजेल असं सांगितलं. "भाऊ, बांध वाहून गेलाय, तलाठ्याकडचा उतारा फाटलाय. पर रान जाग्याव हाय. फॉरमॅट केलं की नवा उतारा निघंल, अन् त्यात कुणी दुसरं पेरलं की जुनं पीक गेलं. तुमी काय करायचं? तीन अक्षरांचं म्हंजी हो, दोन अक्षरांचं म्हंजी न्हाई. दोनाचं दाबायचं." मला येणारं इंग्रजी एवढंच, आणि ते मी कमी समजत नाही.

त्यानं भोक ब्रशनं साफ केलं, वायर बदलली. जोडणी तुटायची थांबली, पण आतलं काही दिसेना. "माझ्याच हातानं झालं, राव," म्हणायचा, तोंड पडलेलं. मग दुसऱ्या डिस्कवर तिची जशीच्या तशी नक्कल घ्यायला बसला. "हुडकायचं ते नकलेत. मूळ डिस्कवर कायबी लिहायचं न्हाई." नक्कल अर्ध्यावर आली आणि छातीत कळ...

दुखवट्याला शेठच्या घरी गेलो तेव्हा त्याचा मुलगा हितेश म्हणाला, "काका, ती तुमची डिस्क उद्या फॉरमॅट करून कोरी देतो." चांगल्या मनानंच म्हणाला. तरी मी ओरडलो, "हात लावशील तर बघ!" बायका रडायच्या थांबल्या.

"पप्पांनाच नाय जमलं, काका."

"जमलं नाय म्हणू नको. त्याला वेळ मिळाला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आळेफाट्याला गेलो आणि शटर उघडेपर्यंत पायरीवर बसलो. डिस्कवरचं स्वस्तिक काळपट पडलं होतं. हितेश ते पुसायला लागला, मी पुसू दिलं नाही. त्यानं वायर जोडली. प्रश्न आला. त्याचा हात बाजूला सारून मी दोन अक्षरं शोधली आणि दाबली.

"आता बापानं अर्धी ठेवलेली नक्कल पुरी कर," म्हणालो, आणि शेठच्या स्टुलावर बसलो.