काचेतले मामंजी

माझ्या शुद्धलेखनाला हसू नये. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि ऱ्हस्वदीर्घ तिथेच राहिले. अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. पण हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते.

सावद्याला असताना माझ्या यजमानांनी बदली होऊन चाललेल्या एका मास्तरांचा पेटीकॅमेरा घेतला. वीस रुपये सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी दिले. दिवाळीपर्यंत वीसच्या वीस परत, नाहीतर कॅमेरा विकायचा, ही अट. यांनी माणशी आठ आणे घेऊन फोटो काढायचं ठरवलं. पहिल्या रिळातल्या आठ फोटोंत एकालाही डोकं नव्हतं. मामंजींचं नुसतं धोतर आलं. ते म्हणाले, “हे धोतर तं मले रोजच दिसते.”

पेटीच्या वरच्या बाजूला बोटभर काच होती. पेटी पोटाशी धरून खाली त्या काचेत बघायचं, की समोरचं माणूस दिसे. हे मात्र मान वर करून माणसांशी बोलत बसत. मला मान खाली घालायची सवयच. हे मळ्यात गेले असताना मी पेटी धरून बघितली. पदर पुढे आला, काचेवर सावली पडली आणि चित्र अधिकच स्वच्छ दिसलं.

गल्लीतल्या बायका यांच्यापुढे लाजत, माझ्यापुढे उभ्या राहिल्या. भिंतीचे पोपडे झाकायला मी मागे केळीची पानं टांगली. तोंडाची एक बाजू काळी पडे, तिकडे दोघींना पांढरं धोतर ताणून धरायला लावलं. त्यावरचा उजेड गालावर आला. रांगणारं एक पोर हलू नये म्हणून घंगाळात बसवलं, तर साऱ्यांनाच आपापली पोरं घंगाळात हवी झाली.

सासूबाई दोन दिवस लक्ष ठेवून होत्या. मग शेजारणीला म्हणाल्या, “पदर हाये, मान खाली हाये. आता बोलू तं काय बोलू?”

रिळांचे पैसे आणि जळगावला फोटो धुवायची धुणावळ वजा जाता एकोणीस रुपये परत गेले. दिवाळी आठवड्यावर आली. गल्लीत फोटो काढायचं कोणी उरलं नाही, रिळात एकच फोटो उरला, आणि कॅमेऱ्याला गिऱ्हाईक मामंजींनी बघून ठेवलेलं.

एका सकाळी मामंजीच फेटा बांधून अंगणात आले. यांना म्हणाले, “तिले म्हन, एक माह्या काढ. बैल पन आला पाह्यजे.”

मी काचेत पाहिलं. सहा वर्षांत मामंजींच्या वहाणा मला पाठ झाल्या होत्या. तोंड नीट पहिल्यांदाच दिसलं. उजव्या गालावर वाटाण्याएवढा मस. यांच्याकरवी हनुवटी वर करायला सांगितली. मामंजींनी केली. बैलानेही केली.

धनत्रयोदशीला फोटो आला, तर मस डाव्या गालावर. फोटो बिघडला, आता कॅमेरा जाणार, म्हणून मी रडकुंडीला आले. हे हसत सुटले. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. मस डावीकडेच होता, घरात मला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

मामंजींनी फोटो बराच वेळ पाहिला. मग अंगातल्या बंडीच्या खिशातून रुपया काढून यांना दिला. “आठ आने माह्ये, आठ आने बैलाचे.”

यांनी तो मला दिला, मी यांना परत दिला, यांनी मामंजींच्या हातावर ठेवला. तो बंडीत टाकून ते म्हणाले, “फिटले वीस.”