आई प्लेट्स आणते

"तुमच्या चकल्या राहू द्या. तुमच्याकडे त्याच कढईत मासे तळत असतील ना, म्हणून. मनावर घेऊ नका हं."

डब्लिनमधल्या क्लोनडॉकिनचा हॉल. आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपची दिवाळी. ग्रुप चालवणाऱ्या, सगळ्यांच्याच वहिनी असलेल्या बाईंनी माझा डबा उचलला आणि टेबलाखाली, बुटांच्या रांगेत सरकवला. सगळ्यांसमोर. आणि मी काय म्हणाले? "बरोबर आहे हो."

तीन वर्षं, कुणी काय आणायचं त्या यादीत माझ्या नावापुढे एकच: पेपर प्लेट्स. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नाही ही बातमी डब्लिनभर पसरलीय. नवराही तेच म्हणायचा. त्या वर्षी हट्टानं चकल्या केल्या. दोन घाणे तुटले, तिसरा जमला. कुणी चाखलाच नाही.

याच वहिनी ख्रिसमस पार्टीत बोटं चाटत चिकन खातात. तिथली कढई त्या कुणाला विचारत नाहीत. माझी चौकशी मात्र पहिल्या भेटीतच झाली होती. आडनाव. गाव. मग, "लग्न कुठल्या पद्धतीनं?" बौद्ध पद्धतीनं, म्हणाले. त्या गोड हसल्या. ते हसू मला आवडलं होतं. इतकी मी हुशार.

मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. आपली जातही नाही. आयर्लंडमध्ये वाढतेय, कशाला?

ती कॉलेजात गेली. एक दिवस म्हणाली, कॅम्पसवर अमेरिकेहून एक काळी मुलगी आलीय, वर्षभरासाठी. तिकडे तिची सोरॉरिटी आहे. गोऱ्या मुलींनी आपल्यात घेतलं नाही म्हणून काळ्या मुलींनी काढलेली बहिणींची संघटना. विद्यापीठाविद्यापीठात शाखा, सभासदत्व जन्मभराचं. ती त्यावर बोलणार आहे.

जन्मभराचं? मला लगेच वास आला. शपथ कसली घालतात? धर्म बदलायला लावतात का? "मी पण येते," म्हणाले. लेकीनं कपाळावर हात मारला.

शेवटच्या रांगेत बसले, पर्स मांडीवर घट्ट. त्या मुलीच्या जाकिटावर तळहाताएवढी ग्रीक अक्षरं, संघटनेचं नाव. आजी त्याच शाखेत होती, आई त्याच शाखेत, सांगत होती. मी खोट शोधत होते. हात वर केला. "तुम्ही कुणाला आत घेत नाही?"

ती म्हणाली, "नाकारतो आम्हीही, मॅम. एके काळी आमच्यातही उजळ रंग बघायचे. आजी सांगते. तिला लाज वाटते, पण सांगते."

माझा संशय जरा गडबडला. आपलीच खोट चारचौघांत सांगणारा ग्रुप मी पाहिला नव्हता.

"तुमच्यात आहे असं काही?" तिनं विचारलं.

माझ्या आधी लेकच बोलली, तिच्या आयरिश इंग्रजीत. "आईचा आहे ना ग्रुप. ती प्लेट्स आणते."

सगळे हसले. मीही. लेकही हसत होती. माझी जागा तिला पाठ झाली होती, कारण न कळता. अजून चार दिवाळ्या, आणि ती जागा तिची झाली असती.

मी उठले. पर्स पडली. "त्या माझ्या हातचं खात नाहीत," म्हणाले. "माझ्या जातीमुळे. आम्ही पूर्वीचे महार. आता बौद्ध." लेकीचं हसू तोंडावरच थांबलं.

बसमध्ये तिनं एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

घाबरले होते. तेच तिला सांगितलं.

घरी येऊन ग्रुपवर वहिनींचं ते कढईचं वाक्य लिहिलं, शब्द न् शब्द. खाली माझी जात. सगळ्यांनी वाचलं. एकीनं फुलांचं चित्र टाकलं. मग वहिनींचा फोन.

"अहो, सगळ्यांसमोर कशाला? मला एकटीला सांगायचंत."

"तुम्ही मला एकटीला सांगितलं होतंत?"

त्या म्हणाल्या, "ग्रुप सोडलात तर तुम्हालाच बरं वाटेल."

माझी काळजी. आत्ता.

सोडलेला नाही. मला काढायचं तर त्यांनी काढावं. आणि का काढलं, ते सगळ्यांना दिसेल असं लिहावं.