रिकाम्या चौकोनाची राखण

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी तिच्यावर चिडून उभी होते. किल्ली तिच्याकडे, पोरं बाहेर, आणि बाईसाहेबांचा पत्ता नाही! फोनवर तिचा नवरा होता. सकाळी चहा ठेवता ठेवता कोसळली म्हणे… महिना उलटून गेला, तरी तो राग आता कुठं ठेवावा ते मला कळत नाही.

साखरा गावाच्या अलीकडची आमची दोन शिक्षिकांची शाळा. संगणक एकच, आणि वीज तिच्या मर्जीनं येणार. हजेरी, खिचडीचा तांदूळ, चाचणीचे गुण, सगळं एक्सेलमध्ये भरून पाठवायचं. ते चौकोन पाहिले की माझं डोकं उठायचं, सुनंदाला मात्र त्यांचा भलताच लळा लागला. "पोरांना बी शिकवू," म्हणाली. मी हसले, "अगं, लाइट कुठंय?" तर दुसऱ्या दिवशी तिनं खडूनं अख्खं अंगण आखून काढलं. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक चौकोनात एक लेकरू आणि त्याच्या मुठीत चिंचोके. 'सी-चार!' अशी रकान्याची नि ओळीची हाक आली की त्या चौकोनातल्यानं उठून मूठ उघडायची. रकान्याच्या शेवटी 'बेरीज' बसलेली. वरच्या कुणी एक चिंचोका जरी कमी केला, तरी बेरजेला पुन्हा सगळं मोजणं आलं. बेरीज व्हायला कुणी तयार नसे, त्यामुळं तो मान बहुधा मलाच मिळायचा.

दिवाळीनंतर तांड्यावरची आरती आई-बापासोबत ऊसतोडीला गेली. तिचा चौकोन रिकामा पडला. शेजारचा पोरगा हळूच तिकडं सरकायला लागला, तर सुनंदानं असे डोळे वटारले की तो जागच्या जागी बसला. सरासरी काढताना कुणीतरी म्हणालं, "आरतीचं शून्य धरा की, बाई."

"काहून? तिच्या मुठीत काय हाय ते पाह्यलं का तू? रिकामं राहू दे. रिकामं म्हंजे शून्य न्हाई."

चाचणीचे गुण पाठवले तेव्हाही तेच झालं. वरून फोन आला, एक चौकोन रिकामा दिसतोय, शून्य भरा. सुनंदा शांतपणे म्हणाली, "साहेब, पोरगी नापास न्हाई, गावात न्हाई." पुन्हा फोन आला, पुन्हा तेच उत्तर. शेवटी साहेबच थकले.

खरं तर तिचं भांडण साहेबांशी नव्हतंच. आधीच्या वर्षी एक मुलगी अशीच ऊसतोडीला गेली आणि शाळेत परत आलीच नाही. ते सुनंदाला फार लागलं होतं. आरतीचंही तसंच होईल या धास्तीनं ती दर रविवारी तिच्या बापाला फोन लावायची आणि पोरीला फोनवर बोलवायची. "तुझी जागा राखून ठेवलीय. आलीस की पहिले मला येऊन सांगायचं, बराबर?" पलीकडून नुसतं 'व्हय' यायचं, आणि तेवढ्यावर हिचा अख्खा रविवार सुखात जायचा.

आता अंगण मी आखते. रेघा नागमोडी येतात, पोरं हसतात. बेरीज चुकली की मी मागं वळून बघते, सुनंदा हसतेय का म्हणून. फार आठवण येते तिची, दुसरं काय सांगू… आरतीचा चौकोन मीही कुणाला देत नाही. पण तिच्या बापाला फोन लावायचं काही जमलं नाही. पोरीनं 'सुनंदाबाईंना फोन द्या' म्हटलं असतं, तर काय बोलणार होते मी?

मागच्या आठवड्यात आरती आली. उन्हानं रापलेली, चांगली उंच झालेली. दप्तर घेऊन पळतच वर्गात शिरली. मी उठायच्या आत पोरांनी तिला सगळं सांगूनही टाकलं. तिनं दप्तर खाली ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मंग आता मी आले म्हून कुणाला सांगू?"

"मला सांग."

"आले, बाई," ती म्हणाली. पण बघत होती ती सुनंदाच्या खुर्चीकडं… आणि मीसुद्धा.