दुर्गाबाईनं अडवलेलं शील

आमच्या बार्शीटाकळीत दुर्गाबाईसंगं भांडण न झालेला माणूस दाखवा, मी त्याले बसवून चहा पाजते. माहंच तिच्याशी कितीकदा बोलणं बंद झालं अन् कितीकदा सुरू झालं, याचा पत्ता नाही. पण भिंतीले भिंत लागून घरं आमची. रुसून जाणार कुठं?

शाळेत खिचडी शिजवते ती. एकदा डाळीचं पोतं आलं, खोललं तं बुरशीचा वास. मास्तर म्हणे, धुऊन टाका बाई, चालते. ही त्या पोत्यावरच बसली. म्हणे, "आधी तुमच्या घरच्या पोट्ट्याले खाऊ घाला. त्याले पचली की मी चूल पेटवते." त्या दिवशी शाळेतले पोट्टे उपाशी घरी गेले अन् अख्ख्या मोहल्ल्यानं तिलेच शिव्या देल्या. मंग चांगली डाळ आली, तवा मात्र शाबासकी द्याले कोणी फिरकलं नाही. तिले त्याचं काही वाटतही नाही. अशी ही बाई, अन् तिच्याच घरात भुऱ्या मेला.

भुऱ्या म्हंजे कुत्रा. धर्मपाल तिचा लेक, तो बँकेत शिपाई. सून नीलम दवाखान्यात नर्स. नातू नागसेन सहावीत, नात दीक्षा चौथीत. पोरायनं हट्ट करून पिलू आणलं. दुर्गाबाई तवाच बोलली होती, "कुत्रं म्हंजे खेळणं नाही. पाणी तुमी द्याचं, भाकर तुमी द्याची. मी शाळेतल्या शंभर पोरायले जेवू घालते, घरी अजून एक नाही पोसणार." पोट्टे म्हणे, "हो आजी, हो आजी!" नव्याचे नऊ दिवस झाले. मंग रोज ओरडा तवा त्याचा गंज, म्हंजे पाण्याचं भांडं, भरे.

यंदाच्या वैशाखात तेल्हाऱ्याले लग्न होतं, तिच्या बहिणीच्या नातीचं. आमी दोघी गेलो, मुक्कामी राहिलो. निघताना तिनं पोरायले बजावलं, "भुऱ्याचा गंज सकाळी भराचा. ऊन फिरलं की त्याले निंबाखालून सोडून पडवीत घ्याचं." उघडा सोडला की रस्त्यावर पळे, म्हणून बांधून ठेवत त्याले. अन् आमच्याकडचं ऊन तं तुमाले मालूम आहे. दुपारी कावळाही चोच वासून बसते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आमी एसटीतून उतरलो. दुर्गाबाईच्या घरात कूलर घरघर करून राहिला होता. दोघं पोट्टे त्याच्यापुढं लोळत मोबाइल पाहत. ती पिशवी ठेवून मागं गेली, तिच्या मागं मी. भुऱ्याची साखळी निंबाच्या बुडाले गुंडाळून गुंडाळून एवढुशी झालेली. सावली कवाची सरकून गेलेली. पाण्याचा गंज उपडा, आत एक थेंब नाही. अन् भुऱ्या जीभ बाहेर टाकून पडलेला, ताठ. माय वो!

दुर्गाबाई रडली नाही. कूलरची टाकी उघडून पाह्यली. काठोकाठ भरलेली.

"हे कोणं भरलं?"

"म्या," नागसेन म्हणे. "आज भरला आजी, न सांगता."

"अन् त्याचा गंज?"

पोट्टं उठून मागं पळालं. मंग जो रडण्याचा आवाज आला, तो अजून माह्या कानात आहे.

संध्याकाळी धर्मपाल अन् नीलम आले. धर्मपालनं पोरायले पोटाशी घेतलं. म्हणे, "त्याले ऊन लागलं रे. आजारीच होता तो. रडू नका, मामाले सांगून दुसरा आणू."

"आजारी नव्हता," दुर्गाबाई बोलली. "ताहानेनं मेला. घरात टाकीभर पाणी असताना मेला."

"माय, लहान आहेत ते! पोरायच्या मनावर किती परिणाम होईन!"

"झाला पाहिजे ना परिणाम! त्याच्यासाठीच तं बोलून राहिली मी." मंग त्याच्याकडं बोट करून म्हणे, "अन् तू सकाळी गाडी काढली त्या निंबाखालून. तुले गंज नाही दिसला?"

 धर्मपाल खड्डा खोदाले सब्बल घेऊन निघाला, तं तिनं त्याच्या हातातून घेतली अन् नागसेनच्या हातात देली. खड्डा पोरायनंच खोदला. नीलम दारात उभी राहून रडे अन् सासूले बोल लावे. मीही म्हटलं, दुर्गे, अती होऊन राहिलं. तिनं माह्याकडं पाह्यलंही नाही.

दोन-तीन दिवसांत चांदूर बाजारहून नीलमचा भाऊ आला, खोक्यात पांढरं झुपकेदार पिलू घेऊन. पोरायचे डोळे चमकले, खोटं काहून बोलू? दुर्गाबाईनं पाहुण्याले चहा पाजला, पिलाले दूध पाजलं, अन् दोघायलेही एसटी स्टँडवर सोडून आली. "कप फुटला की दुसरा आणतात," म्हणे. "हा कप नव्हता." त्या दिवशी त्या घरात कोणी धड जेवलं नाही.

अन् पुढं खरी आग लागली. बुद्धपौर्णिमेले विहारात दीक्षा अन् नागसेन माईकवर पंचशील म्हणणार होते. त्यायनं म्हणाचं अन् अख्ख्या वस्तीनं मागून म्हणाचं. पांढरे कपडे शिवून तयार. दीक्षानं महिनाभर घोकलं होतं, माह्या पडवीत येऊन म्हणून दाखवे. अन् पहिलंच शील कोणतं? कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, हे.

आदल्या दिवशी दुर्गाबाईनं पोरायले समोर बसवलं. "भुऱ्याचं काय झालं ते आधी माईकवर सांगाचं, मंग पहिलं शील म्हणाचं. सांगाचं नसन तं घरी बसा. मी जबरदस्ती नाही करत. पण झाकून म्हणू देणार नाही."

धर्मपाल लाल झाला. "वस्तीत सगळ्यायले मी सांगतलं, आजारी होता म्हणून! माही काय इज्जत राहीन?"

"तुह्या इज्जतीले मी काय करू? ती तू खोटं बोलून कमावली."

विहार समितीचा स्वप्निल आला समजवाले. शिकलेलं, नम्र पोरगं. म्हणे, "काकू, शील घ्यायले कोणी कोणाले अडवत नाही. माणूस चुकते म्हणूनच तं शील घेते."

"बरोबर आहे तुहं, बापा. चुकलेल्यानंच घ्याचं. पण चूक तं कबूल करू दे. नुसतं म्हणाचं असन तं पोपटही म्हणते."

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, "दुर्गे, झाकली मूठ सव्वा लाखाची असते माय."

"माह्या मुठीत काय आहे ते मले मालूम आहे वच्छले," म्हणे. "मेलेलं कुत्रं आहे. त्याचा वास येऊन राहिला."

आता अशा बाईले काय बोलावं? माहा संताप झाला. एवढुशा लेकरायची सगळ्या वस्तीपुढं शोभा कराची, हा कोणता न्याय? मी ठरवलं, उद्या तिच्या बाजूले बसाचंच नाही.

पौर्णिमेले विहार गच्च भरलं. खिरीचा गंज बाहेर उकळून राहिला होता. मी खरंच लांब बसली. धर्मपाल पुरुषायच्या ओळीत मान खाली घालून. मले वाटे, पोट्टे येणारच नाहीत. पण आले. कोणी हात धरून नाही आणलं, दोघंच आले. दीक्षानं त्रिशरण म्हटलं, आमी मागून म्हटलं. मंग ती थांबली. भावाकडं पाह्यलं.

नागसेननं माईक ओढला. "आमचा भुऱ्या आजारी नव्हता," म्हणे. "आमी त्याले पाणी नाही देलं. कूलरमंधी पाणी भरलं, त्याले नाही देलं. तो ओरडत होता तवा आमी आवाज वाढवला मोबाइलचा."

ही शेवटची गोष्ट दुर्गाबाईलेही मालूम नव्हती. तिनं पदर तोंडात कोंबला. आता रडली ती.

 मंग दीक्षानं डोळे पुसले अन् पहिलं शील म्हटलं, खणखणीत आवाजात. मागून कोणीच म्हणेना. मोठमोठे लोक, कोणी छताकडं पाहे, कोणी चटईकडं. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. तशी ती पोरगी माईक सोडून अशी कडाडली, अगदी आजीसारखी.

"म्हणा ना! आमी सांगतलं, तुमी काहून गप आहा?"

अन् पुरुषायच्या ओळीतून धर्मपाल उठला. "गंज उपडा पडलेला मले दिसला होता," म्हणे. "मले ऑफिसले उशीर होत होता." एवढं बोलून त्यानं हात जोडले अन् पोरीच्या मागून पहिलं शील म्हटलं, एकट्यानं. त्याचा आवाज फाटला, पण त्यानं पुरं म्हटलं. मी माही जागा सोडली अन् दुर्गाबाईच्या बाजूले जाऊन बसली.

दीक्षानं तिसऱ्यांदा म्हटलं. या खेपेले सगळ्यायनं म्हटलं.