पंपाला लावलेला कान

आमच्या डिशवॉशरला बाबा पहिल्या दिवसापासून मोरी म्हणतात. आई गेल्यावर डोंबिवलीचं घर बंद करून ते आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आले. स्वयंपाकघरात हे यंत्र पाहून त्यांनी दार उघडलं, आत डोकं घातलं, तळाची जाळी निरखली आणि निकाल दिला की ही मोरीच आहे, फक्त हिला दार लावलंय. तेव्हापासून जेवण झालं की ते जुन्या सवयीप्रमाणे ताटातच हात धुतात आणि ते पाणी उष्ट्यासकट मशीनच्या तळाशी ओतून ताट खणात उभं करतात. उष्टं आधी कचऱ्याच्या डब्यात टाकायचं असतं, हे मी त्यांना खुणा करून दाखवलं होतं. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

खुणा कराव्या लागतात, कारण बाबांना ऐकू येत नाही. हे एकदम झालं नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग आमचे आवाज वाढले, मग सगळ्यांची चिडचिड वाढली. एका नातेवाइकांच्या साखरपुड्यात कोणीतरी त्यांना तब्येत कशी आहे असं विचारलं आणि बाबांनी ठसक्यात सांगितलं, "मुलीकडे, घोडबंदरला." आजूबाजूची माणसं हसली. वाईट हेतूने नाही, पण हसली. त्यानंतर बाबांनी बोलणंच आवरतं घेतलं. टिटवाळ्याहून काकांचा फोन आला की ते मोबाइल माझ्या हातात देतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. जेवताना आमच्या गप्पा चाललेल्या असतात आणि ते ताटात बघून जेवतात.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर एकच, नाही. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवलं तरी नाही. "माझा कान संपला. संपलेल्या यंत्रात तेल घालून काय उपयोग?" हे ते इतक्या ठामपणे म्हणत की पुढे बोलायची सोयच नाही. मला त्या हट्टाचा राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची. बाबा खुर्चीत बसल्याबसल्या आमच्यातून उठून चालले होते आणि त्यांना धरून कसं ठेवायचं हे मला कळत नव्हतं.

अशातच एका रविवारी दुपारी डिशवॉशर मध्येच थांबला. दार उघडलं तर तळाला गढूळ पाणी तुंबलेलं आणि त्यावर तेलाचा तवंग. कंपनीच्या माणसाशी फोनवर बोलणं झालं, तो म्हणाला गुरुवारी येतो. नवरा म्हणाला, मग गुरुवारी बघू, आणि झोपायला गेला. त्याचं चुकलं असं नाही, पण मला ते जमणारं नव्हतं. भांडी मी हाताने घासू शकते. पाणी का जात नाही हे कळल्याशिवाय चार दिवस काढणं मात्र कठीण.

ही खोड बाबांचीच. ते कोलशेतच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फोरमन होते. कारखाना कधीच गेला, आता तिथे टॉवर आहेत. पण माझ्या लहानपणी बाबा घरी येऊन तिथल्या पंपांबद्दल असे बोलायचे की जणू ते आमचे नातलग. आज कुठला कुरकुरतोय, कुठल्याचं बेअरिंग जाणार. बढाया भरपूर मारायचे. एकदा कारखान्यातल्या कसल्याशा पूजेला आम्हाला नेलं होतं, तेव्हा ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवून, मूठ कानाला लावून उभे असलेले मी पाहिले. मला वाटलं, पंप त्यांना काहीतरी गुपित सांगतोय. बरीच मोठी होईपर्यंत माझी ती समजूत गेली नव्हती.

तर मी शोध सुरू केला. मशीन पुढे ओढून मागचा पाइप पाहिला. तो कुठे दुमडला नव्हता. ज्या ड्रेनेजला तो जोडलाय तिथे काही अडलंय का पाहावं म्हणून सिंकचा नळ सोडला, तर पाणी सुरळीत गेलं. मग तळातली जाळी काढायला हात घातला आणि ती अलगद वर आली. ती फिरवून घट्ट बसवायची असते. आदल्या आठवड्यात धुतल्यावर मी ती नुसतीच ठेवून दिली होती. म्हणजे जाळीच्या बाजूने खाली काहीही गेलेलं असू शकत होतं. राहिला पाणी बाहेर फेकणारा पंप. तो एक तर जळाला होता किंवा अडकला होता. जळाला असेल तर गप्प राहील, अडकला असेल तर गुणगुणेल, इतकं मला वाचून माहीत होतं.

जाळी परत बसवून मी मशीन चालू केलं, पाणी काढायचं बटण दाबलं आणि लादीवर आडवी होऊन मशीनला कान लावला. गुणगुण येत होती. पण ती पंपाची होती की शेजारच्या फ्रिजची, हे काही केल्या ठरेना. त्यात गॅसवर कुकर, आणि बाहेर रस्त्यावर खोदकामाचं मशीन दणादण चाललेलं. मी उठून फ्रिज बंद केला, पुन्हा आडवी झाले, तर कुकरने शिट्टी दिली. मी त्या कुकरला काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर पाहिलं तर बाबा दारात उभे. चहाला आले असावेत. लादीवर पडलेली मी आणि पुढे ओढलेलं मशीन बघून त्यांनी मशीनचं दार उघडलं, तुंबलेलं पाणी पाहून घेतलं आणि दार लावून आत गेले. परत आले ते त्यांचा जुना लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन. मशीनच्या खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मी बटण बंद करून पट्टी काढली. आत पंपाचं पांढरं प्लास्टिकचं कवच दिसत होतं. बाबा गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसले. वायरी टाळून स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यांनी कवचाला टेकवलं, मूठ कानाच्या भोकाशी धरली आणि मला मशीन चालू करायची खूण केली.

मी चालू केलं. बाबा डोळे मिटून बसले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते तोंड हळूहळू उतरत गेलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वाटलं, कशाला हे घडू दिलं मी, चहा करून द्यायचा होता आणि गॅलरीत पाठवायचं होतं.

बाबांनी मूठ शर्टाला पुसली आणि पुन्हा कानाला लावली. आणखी जोरात दाबली. मूठ घसरली आणि कानाच्या मागे, हाडावर जाऊन टेकली. आणि बाबा जागच्या जागी थांबले.

"गप्प," ते म्हणाले. मी गप्पच होते. जरा वेळाने ते म्हणाले, "वीज पोचतेय त्याला. जोर लावतोय बिचारा, पण फिरत नाही. पात्यात काहीतरी अडकलंय."

दोन हातांवर कुकरने पुन्हा शिट्टी दिली. बाबांनी मानही वळवली नाही.

मी प्लग काढला, वाटीने पाणी उपसलं, उरलेलं फडक्याने टिपलं. जाळीखालचं छोटं झाकण काढून आत बोट घातलं. बोटाला चिवट धागे लागले. ओढले तर निघेनात, मग चिमट्याने थोडे थोडे करून काढले. ताटलीत ठेवून पाहिले आणि मला हसू आलं. शेवग्याच्या शेंगांचा चोथा. आदल्या दिवशी आमटीत शेंगा होत्या, आणि चावून चावून ताटाच्या कडेला ठेवलेला बाबांचा चोथा हात धुतलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेला होता. माझ्या सैल जाळीने त्याला वाट दिली होती. मी ताटली त्यांच्यापुढे धरली. बाबांनी चष्मा वर करून नीट तपासणी केली आणि शेंगा जून होत्या असं सांगितलं.

मी बोटाने पातं फिरवून पाहिलं. ते आता गचके खात का होईना, फिरत होतं. सगळं जागेवर बसवलं, जाळी खट्ट वाजेपर्यंत फिरवली, वाटीभर पाणी ओतून मशीन चालू केलं. सिंकखाली पाणी खळाळत गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण माझं डोकं आता पंपात नव्हतं. कुकरची शिट्टी ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हा एवढासा पंप कसा ऐकू आला, हे मला हवं होतं.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतःवर करून पाहिलं. आधी कानाच्या भोकाशी, मग मागच्या हाडावर. मला दोन्हीकडून ऐकू येत होतं. बाबांना फक्त हाडातून. शाळेत कधीतरी शिकलेलं आठवलं की आवाज हाडातूनही आत जातो. मी डॉक्टर नाही. पण पुढचा रस्ता बंद असूनही मागच्या रस्त्याने आवाज पोचत असेल, तर ज्याच्याकडे पोचायचा तो आत जागा आहे, एवढं तर मलाही कळत होतं. मग कान संपला कसा?

तोवर बाबांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडून काढून घेतला होता. ते फ्रिज चालू करून त्याला लावून ऐकत होते. मग पाण्याच्या पाइपला. मग ओट्याच्या ग्रॅनाइटला टोक लावलं आणि दुसऱ्या हाताने ओट्यावर टकटक केली, आणि स्वतःशीच हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांना असं हसताना पाहत होते. त्यांच्या हातातलं ते टोकदार हत्यार काही मी माझ्या तोंडाजवळ आणणार नव्हते, म्हणून पोळपाटावरचं लाटणं उचललं. एक टोक त्यांच्या कानामागच्या हाडावर दाबलं, दुसरं माझ्या हनुवटीवर. दोघं तसे लाटण्याच्या अंतरावर बसलो. इतक्या जवळून मी त्यांच्याशी शेवटचं कधी बोलले होते, आठवेना.

"बाबा, डॉक्टरकडे जाऊया. तुमचा कान संपलेला नाही," मी म्हणाले. ओरडून नाही, साध्या आवाजात. बोलताना लाटणं हनुवटीवर थरथरत होतं.

बाबांनी लाटण्यावर स्वतःचा हात ठेवला आणि ते हाडावर आणखी घट्ट दाबून धरलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. आता माझ्याने ते नीट पुरं होईना.

"बघू ते," बाबा म्हणाले. आजवर त्यांनी कधी बघूसुद्धा म्हटलं नव्हतं. मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला सर्दी झालीय का गं? आवाज भरलाय तुझा."

मी सवयीने खुणेसाठी हात वर केला होता, तो खाली घेतला. लाटणं हनुवटीवर नीट टेकवलं आणि तोंडाने सांगितलं, "हो बाबा, झालीय थोडी."