हिरासिंगांची मोकळी जागा

आमच्या घरी न्हाणीचं दार उघडायचं तर आधी फ्रीजचं दार लावावं लागतं. गवंडी, सुतार आणि वीजवाला तीन वेगवेगळ्या दिवशी आले, त्याचं हे फळ. म्हणून दिग्रसजवळच्या तांड्यावरचे हिरासिंग राठोड भेटले की मी जरा वाकूनच बोलतो. या माणसानं फौजेत बावीस वर्षं नकाशे काढले. अख्खी छावणी डोक्यात वागवली. कुठल्या रस्त्याखालून नळ जातो, कुठल्या झाडापाशी केबल वळते, सगळं. त्यांच्या मंडळी हंसाबाई म्हणतात, "छावणी डोक्शात हाये, पण यायले सोताचा चष्मा घावत नाही."

छावणीत खाती पुष्कळ. दारूगोळा, पाणी, वीज, दवाखाना, क्वार्टर. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, आणि दुसऱ्याच्या नकाशावर पेन टेकवायचा नाही हा रिवाज. आपल्याकडे भाऊबंद शेताच्या धुऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत, त्यातलंच.

हिरासिंगांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी क्वार्टरवाल्यांनी बालवाडी मंजूर करून आणली. दारूगोळावाल्यांनी त्याच सुमारास नवं कोठार. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर. शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. उद्या सकाळी बालवाडीची कोनशिला, आणि आज दुपारी हिरासिंगांच्या लक्षात आलं की ती कोठाराच्या धोक्याच्या हद्दीत येते. बोलावं तर एका हवालदारानं मोठ्या साहेबांचा कार्यक्रम मोडला. न बोलावं तर पोरं कोठाराच्या कुशीत.

संध्याकाळी कर्नलसमोर तयारीची बैठक होती, तिथं त्यांनी दोन मिनिटं मागितली आणि खिशातून पुरचुंडी काढली. क्वार्टरमागे पेरायला हंसाबाईंनी घरून बांधून दिलेलं बी. क्वार्टरवाल्यांच्या नकाशावर, कोठाराच्या जागेभोवती, अंतर मोजून सरकीचं रिंगण घातलं. बालवाडीच्या जागी तुरीचा एक दाणा. क्वार्टरवाले साहेब तापले. पेन नाही लावला, बी ठेवलं, एवढंच हिरासिंग बोलले.

कर्नल वाकून पाहत राहिले. हिरासिंगांच्या गोष्टीत कर्नलही वऱ्हाडीच बोलतात.

"हवालदार, हा दाणा आत कायले?"

"तेच इचारून राह्यलो, साहेब."

मग कर्नलनी स्वतःच्या बोटानं तुरीचा दाणा उचलला आणि रिंगणाबाहेर ठेवला. कोनशिला महिनाभर लांबली, आणि तेव्हापासून कुठलंही बांधकाम ठरण्याआधी सगळ्या खात्यांचे नकाशे एका टेबलावर येऊ लागले.

हे सुचलं कसं, असं मी विचारलं. त्यात काय, म्हणाले. आज्याच्या लदेणीचा, म्हणजे माल लादलेल्या बैलांच्या तांड्याचा, मुक्काम पडला की नायक आधी बैलांची जागा ठरवायचा, मग पाण्याची, आणि चूल मालापासून लांब.

एवढ्या वर्षांतलं सगळ्यात मोठं काम दाखवा म्हटलं, तर त्यांनी एक फोटो हातात दिला. कोठाराकडे पाठ करून काढलेला. नुसतं वाळलं गवत आणि एक बाभूळ.

"यात तर काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग?" हिरासिंग म्हणाले. "तेवढं काहीच नसू देलं मी."

हंसाबाईंनी नवऱ्याचा चष्मा शोधून आणला होता, तो मीच लावला. गवताच्या पार पलीकडे, नखाएवढे, पिवळे झोपाळे दिसले. एक वर गेलेला होता.