न वाचलेलं नाव

क्रांती चौकात, बॅटऱ्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, एक कूलर आणि मधूनच शिट्टी मारणारा यूपीएस. तिथं बसून मी दोन वर्षं एका प्रोग्रामला उर्दू वाचायला शिकवत होते. मला स्वतःला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं.

निजामाच्या काळातल्या जमिनीच्या रजिस्टरांचे फोटो आमच्याकडं यायचे. पटवाऱ्यांनी घाईत लिहिलेली, एकमेकांत गुंतलेली अक्षरं. जाणत्या माणसानं एकेक शब्द बघून मराठीत सांगायचा आणि मी तो टाइप करायचा. असे हजारो शब्द पोटात गेले की प्रोग्राम पुढचे आपलं आपण वाचू लागतो.

जाणता माणूस म्हणजे आमचे गुरुजी. वय ऐंशीच्या पुढं. मूळचे सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले, आता बजाजनगरात मुलाकडं राहायचे. त्यांची शाळा उर्दूत झाली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शाळा मराठी झाली. पुढं ते स्वतः मास्तर झाले आणि जन्मभर मराठी शिकवत राहिले. सिटी बसनं यायचे, खुर्ची खिडकीकडं ओढून बसायचे आणि मी टाइप केलेलं तपासायचे. "काना कुठं गेला? शिवर नाय, शिवार!" पान कसरीनं खाल्लेलं असलं की म्हणायचे, "वाचता येत नाय. पुढं घे." मी तसं नोंदवायची.

मग त्यांचे गुडघे गेले आणि येणं थांबलं. तोवर प्रोग्राम बऱ्यापैकी वाचू लागला होता.

एका दुपारी मी त्याच्या चुका तपासत होते. एका गावाच्या पानांवर एक शब्द सारखा येत होता. मला लिपी येत नसली तरी दोन वर्षांत आकार ओळखू येऊ लागले होते. हा शब्द ठळक होता, कसर नाही, डाग नाही. तरी प्रत्येक वेळी प्रोग्राम सांगत होता, वाचता येत नाही. शंका असली की तो खात्री कमी दाखवतो. इथं खात्री जवळजवळ पूर्ण होती. जे वाचता येत नाही, त्याची एवढी खात्री!

आधी वाटलं, माझ्याच कोडमध्ये गफलत आहे. दोन दिवस तेच उसवत बसले. शेवटी आम्ही त्याला दिलेले मूळ शब्द उघडले. तो आकार जिथं जिथं होता, तिथं तिथं गुरुजींनी तेच सांगितलं होतं. आणि गाव त्यांचं स्वतःचं होतं.

यंत्राला स्वतःचं मत नसतं, ते शिकवलेलं तेवढंच शिकतं, असं मी गिऱ्हाइकांना कितीदा हसत हसत सांगितलं होतं. आता तेच वाक्य माझ्यावर उलटलं. एक म्हातारा माणूस काहीतरी गिळून बसला होता आणि मी ते यंत्राच्या गळ्यात उतरवलं होतं.

रविवारी छापील पान घेऊन बजाजनगरला गेले. गुरुजी कॉटवर बसले होते. मी शब्दावर बोट ठेवलं.

"गुरुजी, हे खरंच वाचता येत नाही?"

त्यांनी चष्मा लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

"वाचता येतं की," ते म्हणाले. "म्हणवत नाय."

पान बाजूला ठेवून ते बोलू लागले. "ते आमच्या शेजाऱ्याचं नाव. मुसलमानाचं घर व्हतं. त्यांचा पोरगा अन् मी एका पाटीवर लिहायचो. पोलीस ॲक्शनच्या टायमाला एका सकाळी उठून बघतो तर घर उघडं, माणूस एक नाय. म्हैस खुंट्याला तशीच, ओरडत. आमच्या बापानं सोडून आमच्या गोठ्यात आणली. म्हणला, आले की देऊ."

"आले?"

"नाय. कुठं गेले, काय झालं, कुणी बोललं नाय. आम्ही बी इचारलं नाय. म्हैस लई दुधाची व्हती, पोरी. ते दूध मी प्यालो."

सून चहा ठेवून गेली. ती असेपर्यंत मी पान पालथं धरलं.

मी उर्दू जाणणाऱ्या एका बाईंकडून ते नाव वाचून घेतलं. त्यांनी क्षणात वाचलं. नोंदी दुरुस्त केल्या, प्रोग्रामला नव्यानं शिकवलं. तेव्हा प्रोग्रामनं वाचलेलं मोठ्यानं म्हणून दाखवायची सोयही आम्ही नुकतीच जोडली होती. पुढच्या रविवारी गुरुजींना विचारलं, "ऐकायचंय का?" त्यांनी मानेनंच हो म्हटलं.

फोनमधून यंत्रातल्या बाईचा कोरा आवाज आला. गाव, शेताचा नंबर, विहीर एक, आंब्याची झाडं दोन. मग ते नाव.

"चूक!" गुरुजी एकदम म्हणाले. "मधलं अक्षर लांबवायचं नसतं." आणि त्यांनी ते नाव नीट म्हणून दाखवलं. खणखणीत, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

मग त्यांचा हात तोंडावर गेला. फोनमधली बाई पुढच्या ओळी वाचत होती. मी घाईनं ती बंद केली.

सून ओले हात पुसत दारात आली. "मामा, कुणाला हाक मारली?"

"कुणाला नाय," गुरुजी म्हणाले.

तो हिवाळा काही त्यांना निघाला नाही. तेराव्यानंतर सुनेचा फोन आला. शेवटच्या आठवड्यात ते घरातल्या कुणालाच ओळखत नव्हते, सारखं एकच नाव घेत होते, दाराकडं बघून. त्या नावाचं ना नात्यात कुणी, ना गावात. "तुमच्याजवळ लई बोलायचे. तुम्हाला म्हाईत हे का, कोण ते?"

"नाही," मी म्हणाले. इतक्या झटकन की तिनं पुढं काही विचारलं नाही.

मी तसं का म्हणाले, ते मला अजून सांगता येत नाही. तिचा नंबर माझ्याकडं आहे. मी कधी फोन केलेला नाही.